'फॅमिली' म्हणजे कोण?

(घाटकोपर येथे वस्तीतल्या महिला गटांच्या एकत्रित बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

आज मी कायद्यावर किंवा हिंसेवर बोलेन असं तुमच्यापैकी बऱ्याचजणींना वाटलं असेल. मी बोलणार आहे सहलीबद्दल, आणि त्यातही सहलीसाठी हॉटेल कसं निवडायचं याबद्दल. हसू नका. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत या एका प्रश्नानं आमच्या गटाला तीन आठवडे कामाला लावलं, आणि शेवटी बोलणं कायदा आणि हिंसा यांपाशीच येऊन थांबलं.

माझ्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड सुरू झालं आणि १९९८ साली त्याच्या शेजारी वॉटर किंगडम आलं. उपनगरातल्या मुलांची सहल म्हणजे बोरिवलीला उतरायचं, खाडी लाँचनं ओलांडायची, दिवसभर पाळण्यात बसायचं आणि रात्री घरी. मुक्काम नाही म्हणून हॉटेल नाही. पण त्या एका दिवसासाठी आई पहाटे चारला उठून पुऱ्या लाटायची. पाळण्यात आम्ही बसायचो आणि ती खाली पिशव्या सांभाळायची. आपली आई कधी पाळण्यात बसली का, हे मला परवापर्यंत आठवूनही पाहावंसं वाटलं नव्हतं. बसली नव्हती.

आता मुलांना इमॅजिका हवं असतं. २०१३ साली खोपोली-पाली रस्त्यावर, खालापूर तालुक्यात ते सुरू झालं. पुढच्याच वर्षी तिथं पाण्याचं उद्यान आलं आणि २०१५ साली आवारातच मोठं हॉटेलही झालं. आमच्या गटानं ठरवलं की या वर्षीच्या बचतीतला काही भाग दुखणी आणि फिया यांच्यासाठी न ठेवता सहलीला काढायचा. सात बायका, अकरा मुलं आणि दोन नवरे, असे आम्ही वीसजण. त्या सातांत मीही होते. एका दिवसात जाऊन यायचं तर घाटकोपरहून पहाटे निघायचं आणि मध्यरात्री परतायचं. तेव्हा चार घरचा स्वयंपाक करणारी आमची एक ताई म्हणाली, "एक रात्र राहू या. एक सकाळ मला कुणाला चहा करून द्यायचा नाही. मला कुणीतरी आणून द्यावा."

तिथंच मुक्काम ठरला. हॉटेल शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी 'शिकलेली'.

आवारातलं हॉटेल आमच्या बचतीत बसणारं नव्हतं, म्हणून मी परिसरातल्या लहान हॉटेलांना फोन लावायला सुरुवात केली. पहिल्या फोनवरचा संवाद जवळजवळ जसाच्या तसा सांगते.

"किती फॅमिली?"

"सात."

"जेंट्स किती?"

"दोन."

"मग बाकी लेडीज कुणाबरोबर?"

"मुलांबरोबर."

"नाही मॅडम, आम्ही फक्त फॅमिलीला देतो."

दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, नुसता लेडीज ग्रुप घेत नाही. का, तर 'पोलिसांची कटकट नको'. तिसऱ्यानं आधी दर सांगितला, आणि नवरे दोनच आहेत हे कळल्यावर 'जरा विचारून सांगतो' म्हणाला. त्याचा फोन परत आला नाही. चौथ्यानं होकार दिला. आम्ही पाच खोल्यांचे पैसे आगाऊ भरले आणि विषय संपला असं मी धरून चालले.

मधल्या काळात हिशेबावरूनही एक चर्चा झाली, तीही सांगण्यासारखी आहे. स्वयंपाकघर असलेल्या खोल्या एका ठिकाणी स्वस्त मिळत होत्या. सामान घेऊन जायचं आणि तिथं शिजवायचं. कागदावर बचत चांगली दिसत होती, म्हणून मी तोच पर्याय सुचवला. त्यावर तीच ताई म्हणाली, "आणि शिजवणार कोण? तू?" मी गप्प बसले. सरकारच्याच २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात दिसतं की घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं खर्च करतात. असं काम करणारे पुरुष देतात ८८ मिनिटं. स्वस्त खोलीच्या दरात ही २८९ मिनिटं कुणीच धरत नाही. मीही धरली नव्हती, आणि स्त्रियांच्या अदृश्य श्रमांवर मी परीक्षेत भरपूर लिहिलेलं आहे.

तर आम्ही पोहोचलो. खिडकीपाशी सगळ्यांची ओळखपत्रं मागितली. त्यात चूक काही नाही, नोंद ठेवणं हे त्यांचं कामच आहे. सहाजणींचं झालं. सातवी आमची मैत्रीण नऊ वर्षांपूर्वी नवऱ्यानं टाकलेली. तिनं आधार कार्डावर माहेरचं आडनाव परत लावून घेतलं आहे. दोन्ही मुलांच्या कार्डावर मात्र बापाचं आडनाव. कारकुनानं कार्डं उलटीसुलटी करून विचारलं, "मुलं तुमचीच कशावरून? साहेब कुठं आहेत?"

मागे रांगेत माणसं उभी होती. ही काहीच बोलेना. तिची मुलगी दहा वर्षांची आहे. तिनं पाठीवरची पिशवी उतरवली, आतून शाळेचं ओळखपत्र काढलं आणि कारकुनापुढं ठेवलं. त्यावर आईचं नाव आणि फोन नंबर होता. आपली आई आपलीच आहे, हे त्या पोरीनं सुट्टीच्या दिवशी, अनोळखी माणसापुढं सिद्ध केलं.

कारकुनाचा राग मला नंतर आला. आधी लाज वाटली. केंद्रावर मी जो अर्ज भरून घेते त्यात पहिल्या चार ओळींत 'पतीचे नाव' आहे. गेली कितीतरी वर्षं मी तो रकाना बायकांना विचारते, आणि एखादी थांबली की पेन वर धरून वाट पाहते. त्या कारकुनानं जे मोठ्यानं विचारलं, ते मी रोज हळू आवाजात विचारत होते.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते. आमच्या बायका तिथंच बसल्या. राहिलो तर सगळ्या राहू, नाहीतर सगळ्यांचे पैसे परत द्या. वीस माणसांचं भाडं जातंय म्हटल्यावर मालक बाहेर आला आणि पाच मिनिटांत खोली मिळाली. पण मैत्रिणींनो, ती वीसजणांच्या भाड्याला मिळाली. ती एकटी दोन मुलांना घेऊन आली असती तर? तिला ती हक्कानं मिळायला हवी होती.

हक्काचं बोलायचं तर संविधानाच्या १५ व्या कलमाचं दुसरं उपकलम घरी गेल्यावर वाचा. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणं इथं केवळ धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाही नागरिकाला मज्जाव करता येत नाही. हॉटेलं आणि करमणुकीची ठिकाणं! आपली पूर्ण सहल त्या एका वाक्यात बसते. ते लिहिताना ज्या जातींना पाणवठा आणि खाणावळ बंद होती त्यांचा अनुभव समोर होता, हे आपण विसरता कामा नये. आजही आडनाव ऐकून 'खोल्या भरल्या' असं सांगितलं जातं. एकट्या पुरुषाला खोली मिळते आणि एकट्या बाईला मिळत नाही, तेव्हा तोही लिंगावरून केलेला मज्जावच आहे.

'पोलिसांची कटकट' हा शब्द मात्र हवेतून आलेला नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये आपल्याच उपनगरात, मढ आणि आक्सा भागातल्या हॉटेलांवर मालवणी पोलिसांनी धाडी घातल्या आणि चाळीसच्या आसपास जोडप्यांना पकडून नेलं. कलम लावलं ते मुंबई पोलीस कायद्याचं ११० वं, म्हणजे सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन. बंद खोलीतली सज्ञान माणसं सार्वजनिक ठिकाणी कशी, असा प्रश्न तेव्हा सगळीकडून विचारला गेला आणि पोलीस आयुक्तांना चौकशी लावावी लागली. पुढं डिसेंबर २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं कोइंबतूरच्या एका प्रकरणात स्पष्ट म्हटलं की, अविवाहित जोडप्यानं हॉटेलच्या खोलीत राहण्याला बंदी करणारा कोणताही कायदा नाही. लग्नाचा दाखला मागायचा नियमच नाही. तो मागितला जातो तो धाकानं आणि सवयीनं. अशा धाडीतून दोघं घरी परततात तेव्हा मुलीच्या वाट्याला काय येतं, हे या खोलीत बसलेल्या कुणालाही सांगायला नको.

आईच्या हक्काचंही तसंच. १९९९ साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आईलाही मुलांची नैसर्गिक पालक म्हणून जागा दिली. आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत नावापुढं आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव लिहायचं, असा निर्णय झाला आहे. चांगलंच आहे. पण आमच्या मैत्रिणीची मुलं त्याआधीची आहेत, आणि खिडकीवरच्या कारकुनाच्या डोक्यातला रकाना अजून बदललेला नाही.

आता दुसरी सकाळ. आमच्यातली एकजण अंधेरीत, विमानतळाजवळच्या एका हॉटेलात खोल्या आवरायचं काम करते. सकाळी आमच्या बायका सवयीनं चादरी झटकून घड्या घालायला लागल्या. ती ओरडली, "अगं ठेव! आज तू गिऱ्हाईक आहेस." आणि मग तिनंच सांगितलं, "ओले टॉवेल मात्र एका जागी ठेवा, वाकून गोळा करताना कंबर जाते. बक्षीस द्यायचं तर तिच्या हातात द्या." खोली आवरायला आलेली बाई जवळच्या वाडीतली होती. तिला ही चारचौघींसारखी विचारपूस नवीन असावी. ती दारातच पंधरा मिनिटं बोलत राहिली. हॉटेल निवडताना ही बाईही आपल्या हिशेबात हवी. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथं २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती असावीच लागते. तिची पाटी भिंतीवर दिसते का, एवढं पाहायला काहीच लागत नाही. जिथं काम करणारी बाई सुरक्षित नाही, तिथं पाहुणी बाई कशी असेल?

आमच्या अनुभवातून आम्ही काही प्रश्न वहीत लिहून ठेवले आहेत. तुम्हीही लिहून घ्या.

पैसे भरण्याआधी फोनवरच सांगा की आमच्यात एकट्या बायका आहेत, मुलांची आडनावं वेगळी आहेत. होकार आला तर तो संदेशानं लेखी मागा. रात्री खिडकीपाशी बाई असते का, ते विचारा. दाराला आतून कडी आहे ना, न्हाणीघराच्या खिडकीची काच शाबूत आहे ना, ते सामान ठेवण्याआधी पाहा. छुपा कॅमेरा आढळला तर काही हलवू नका, ११२ वर फोन करा. भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमाखाली तो गुन्हा आहे. आधारची प्रत द्यायची तर आकडे झाकलेली द्या. नाश्ता भाड्यात धरला आहे का, मुलांचे पैसे वयावर की उंचीवर, जादा गादीचे किती, रात्री उद्यानातून परत यायला वाहन मिळतं का, हेही विचारा. पैसे घेऊन खोली नाकारली तर तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करता येते. २०१९ च्या कायद्यानं ती सोय दिली आहे. १९१५ या क्रमांकावर सल्लाही मिळतो. आणि ज्यांनी नीट वागवलं त्यांचंही नाव वहीत लिहा. प्रत्येक गटानं अशी एक वही ठेवली आणि एकमेकींना दिली, तर पुढच्या वर्षी एखादीला एकटीनं जाता येईल.

या वहीबरोबर आणखी एक काम झालं. केंद्रावरच्या अर्जातला 'पतीचे नाव' हा रकाना आम्ही काढून टाकला. आता तिथं 'संपर्कासाठी कुणाचे नाव द्याल?' असं आहे. काही बायका नवऱ्याचं देतात, काही आईचं. आमच्या त्या मैत्रिणीनं मुलीचं दिलं.

आणि चहा? तो सात वाजता आला. ताईंना सवयीनं साडेचारलाच जाग आली होती. अडीच तास त्या खिडकीपाशी नुसत्या बसून होत्या. कंटाळा आला का, असं मी विचारलं. म्हणाल्या, "छे. पुढच्या वर्षी दोन रात्री राहू."

आम्ही त्यासाठी बचत सुरू केली आहे. तुम्हीही करा.