आधी एका डब्याचा हिशोब

आजचा विषय ऐकायला रुक्ष आहे: बिझनेस प्लॅन. मी पडलो इंजिनिअर. आमच्याकडे पद्धत अशी की आधी अ‍ॅप बनवू, पैशांचं नंतर बघू.

माझा एक मित्र नोकरी सोडून डब्यांचं अ‍ॅप काढायचं म्हणतोय. वडिलांची एफडी मोडून. त्याला म्हटलं, कोड राहू दे, आधी एका डब्याचा हिशोब मांड. डबा १२० रुपयांचा. कमिशन १५ टक्के, म्हणजे १८ रुपये. पोचवायला ३५. म्हणजे डब्यामागे १७ रुपये पदरचे! तो म्हणाला, "ऑर्डरी वाढल्या की भरून निघेल." कसं निघेल? रोज १००० डबे गेले तर रोज १७ हजारांचा तोटा. पण एकाच ऑफिसात १० डबे एका फेरीत, ८० रुपयांत गेले तर? डब्यामागे ८ रुपये खर्च, १० हातात. हे कळायला कोडची एक ओळ लागली नाही. आता तो ऑफिसांत जाऊन विचारणार आहे, लोक असे एकत्र डबे घेतील का. तोवर एफडी बँकेतच.

हे विचारणं महत्त्वाचं, कारण कागदावरचा प्लॅनही फसवतो. अमेरिकेत १९९९ साली वेबव्हॅन ही कंपनी घरपोच किराणा देऊ लागली. प्लॅन भव्य होता. लोक किती ऑर्डर देतील हे नीट कळण्याआधीच त्यांनी २६ गोदामांसाठी सुमारे १ अब्ज डॉलर्सचं कंत्राट दिलं. जुलै २००१ मध्ये कंपनी बंद.

त्याच १९९९ मध्ये, त्याच सॅन फ्रान्सिस्को परिसरात निक स्विनमर्नला ऑनलाइन बूट विकायचे होते. त्याने गोदाम घेतलं नाही. दुकानातल्या बुटांचे फोटो काढून साइटवर टाकले. ऑर्डर आली की दुकानातून बूट विकत घेऊन पाठवायचा. त्यात नफा नव्हता, पण लोक न घालून बघता बूट घेतात, हे कळलं. तीच पुढे झॅपोस झाली, २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने घेतली.

तर मंडळी, तुमच्या प्लॅनमधल्या प्रत्येक आकड्यापुढे लिहा: 'तपासलं' की 'अंदाज'. ज्या अंदाजावर सगळा डोलारा उभा आहे, तो आधी तपासा, कमीत कमी पैशांत. राजीनामा त्यानंतर टाईप करा. भेटू पुढच्या भागात!