लाल पेन आता आपल्या हातात आहे
(शिवाजी पेठेतल्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला न्यायला आलेल्या पोरांनी विषय विचारला, तेव्हा मी म्हणालो, एम.ए.ची उत्तरपत्रिका. पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. त्यांना वाटलं असणार, मास्तर आता नोट्स वाटणार. चळवळीच्या अभ्यासवर्गात परीक्षेचं काय काम?

काम आहे. मोर्चात आपल्या पोराच्या मागं हजार माणसं असतात. निकालाच्या दिवशी तो एकटा असतो. कुठल्या तरी खोलीत, कुठल्या तरी माणसानं, गठ्ठा संपवून एस.टी. गाठायच्या घाईत त्याचा फैसला करून टाकलेला असतो. त्या खोलीत कोण बसतं, काय बघून गुण देतं, कुणाला ठाऊक नसतं. मी त्या खोलीत वर्षानुवर्षं बसलोय. म्हणून आज तिथलं आतलं सांगतो.

ही शिवाजी पेठ. इथल्या पोराला ऑफसाईड समजावून सांगावी लागत नाही. शाहू स्टेडियमवर रेफ्रीनं चुकीची शिट्टी मारली तर सगळी गॅलरी उठून उभी राहते. कारण नियम सगळ्यांना पाठ आहे आणि शिट्टी सगळ्यांसमोर वाजलीय. परीक्षकाची शिट्टी कुणाला ऐकू येत नाही. त्याचा नियम त्याच्या डोक्यात असतो. पुष्कळदा तिथंही नसतो.

माझीच गोष्ट सांगतो. परीक्षक होऊन फार दिवस झाले नव्हते. समाजशास्त्राचा पेपर. प्रश्न सोळा गुणांचा : हंगामी स्थलांतराची कारणे स्पष्ट करा. एका उत्तरात गाईडातलं सगळं होतं. पहिलं कारण, दुसरं कारण, समारोप. अक्षर मोत्याचं. मी अकरा दिले. दुसऱ्या उत्तरात एका पोरीनं ऊसतोडीची टोळी लिहिली होती. मुकादमाची उचल कशी फिटत नाही, नवरा-बायको मिळून एक कोयता कसा धरतात, म्हणून बाई घरी राहूच शकत नाही, पोरांची शाळा दिवाळीनंतर का सुटते, सगळं. पण 'होती'च्या जागी 'व्हती' लिहिलेलं. 'आणि'च्या जागी 'आन्'. मी लाल गोल करत गेलो. शेवटी सहा दिले.

नाव दिसत नव्हतं, नुसता आसन क्रमांक. पण ती कुठल्या वस्तीतून आलीय हे मला पहिल्या ओळीला कळलं होतं. कारण ती माझ्याच घरची भाषा होती.

मॉडरेटर म्हणून एक म्हातारे सर आले होते. त्यांनी गठ्ठ्यातून नेमका तोच पेपर ओढला. वाचला. म्हणाले, "सहा दिलेत, ठीक आहे. सातवा का नाही, ते सांगा." मला सांगता येईना. "बरं, त्या दुसऱ्याला अकरावा कशाचा?" तेही सांगता येईना. ते आणखी काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

रात्री घरी येऊन मी स्वतःला विचारलं. त्या पोरीचा मला राग होता का? नव्हता. मला भीती होती. शेजारच्या टेबलावरचा कुणी म्हणेल, हा आपल्या लोकांना झुकतं माप देतोय. त्या भीतीनं मी माप उलटं झुकवलं. ज्या भाषेनं माझ्या आईला आयुष्यभर अडाणी ठरवलं, त्या भाषेची चौकीदारी मी फुकटात करत होतो.

ही एकट्याची गोष्ट समजू नका. रेमा हॅना आणि ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञांनी भारतात एक प्रयोग केला. तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. शाळकरी मुलांचे पेपर शिक्षकांकडून तपासून घेतले. पेपरवरची मुलाची जात खरी नव्हती, चिठ्ठी टाकल्यासारखी लावलेली. म्हणजे जात आणि उत्तराचा दर्जा यांचा काही संबंधच उरला नाही. तरीही खालची जात लिहिलेल्या पेपरांना गुण कमी पडले. फरक लहान होता, पण होता. आता पुढचं नीट ऐका. कमी गुण देण्यात खालच्या जातींतले शिक्षकच पुढे दिसले. आणि गठ्ठ्यात सुरुवातीला तपासलेल्या पेपरांत भेदभाव जास्त होता. हात बसायच्या आधी, माप ठरायच्या आधी, माणूस जातीवर रेलतो. तपासणाऱ्याची जात कुठलीही असो.

द्रोणाचार्याला आपण पन्नास वर्षं शिव्या दिल्या. त्या शिव्या योग्यच होत्या. पण आज नेट-सेट होऊन, तासिका तत्त्वावर का होईना, आपली शेकडो पोरं त्याच खुर्चीवर बसलीत. अंगठा कुणाचा कापायचा हे आता आपल्याही हातात आहे. २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी मागासलेल्यांसाठी नोकरीत पन्नास टक्के जागा राखल्या, त्या याच करवीर संस्थानात. दार उघडलं गेलं. आत आलेल्याला मोजायची पट्टी मात्र जुनीच राहिली. ती आपण नुसती हातात घ्यायची, की नवी करायची?

नवी कशी करायची, ते सांगतो.

पट्टी प्रश्नापासूनच वाकडी होते. 'टीपा लिहा', 'सविस्तर चर्चा करा' असल्या प्रश्नांना गाईड पुरतं. एम.ए.च्या पोराला पाठ काय आहे हे विचारायचं नसतं, त्याला काय करता येतं ते बघायचं असतं. त्याला एक तक्ता द्या, एक उतारा द्या, आणि म्हणा, यातला दावा तपास. हा प्रश्न सोपा नाही. पाठांतरवाल्याला तर फारच जड. पण ज्याच्या घरात पुस्तकांचं कपाट नाही, त्यालाही तो सोडवायची तेवढीच संधी मिळते. आणि प्रश्न काढताना आपण काय गृहीत धरतोय ते बघा. मी एकदा घरी करायचं काम दिलं : आपल्या कुटुंबाच्या तीन पिढ्यांचा इतिहास कागदपत्रांच्या आधारे लिहा. मला वाटलं, वा, काय जिवंत प्रश्न काढला! ज्याच्या आजाची खूण फक्त मुकादमाच्या वहीतला अंगठा आहे, त्यानं कुठला कागद आणायचा? वाडेवाल्यांनी सनदा आणल्या. आमची पोरं गप्प बसली. पुढच्या वर्षी मी 'कागदपत्रे किंवा म्हाताऱ्या माणसांची मुलाखत' असं केलं. आणि मुलाखतीची खातरजमा कशी केली, त्याला गुण ठेवले. एका ओळीनं गप्प पोरं बोलायला लागली.

दुसरं. पहिला पेपर उघडायच्या आधी सोळा गुणांची वाटणी कागदावर लिहा. संकल्पना कळली का, चार. पुरावा दिला का, चार. पुराव्यावरून युक्तिवाद नीट उभा केला का, चार. उलट बाजू बघितली का, चार. आणि ही वाटणी विद्यार्थ्याला परीक्षेच्या आधी दाखवा. भाषेला गुण ठेवायचे असतील तर उघड ठेवा. न ठेवता 'व्हती'पायी गुण कापणं ही चोरी आहे. या मापानं मी त्या पोरीचा पेपर मनातल्या मनात पुन्हा तपासला. तिला बारा मिळत होते. त्या मोत्याच्या अक्षराला आठ. त्यानं पुरावा म्हणून एकही गोष्ट दिली नव्हती.

तिसरं. एक पेपर अख्खा तपासून खाली ठेवू नका. आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा. नाही तर पहिल्या उत्तरावर खूश झालेला मास्तर पाचव्यापर्यंत खूशच राहतो. गठ्ठा पिसत चला. आणि शेवटी सुरुवातीच्या दहा पेपरांकडं परत या. हात बसायच्या आधी तिथं काय झालंय, ते बघा.

चौथं, तोंडी परीक्षा आणि अंतर्गत गुण. इथं आसन क्रमांकाचा बुरखा नसतो. नाव, आडनाव, चप्पल, सगळं समोर. २००७ साली थोरात समितीनं दिल्लीच्या एम्समधली परिस्थिती मांडली, तेव्हा दलित-आदिवासी विद्यार्थ्यांच्या तक्रारी प्रात्यक्षिक आणि तोंडीबद्दल होत्या. जेएनयूत अब्दुल नाफे समितीनं एम.फिल., पीएच.डी. प्रवेशाचे लेखी आणि तोंडीचे गुण शेजारी ठेवून पाहिले. दोहोंतला फरक भेदभावाकडं बोट दाखवत होता. तोंडीचं वजन ३० वरून १५ करा, असं समितीनं २०१६ साली सुचवलं. म्हणून तोंडी घ्यायचीच तर प्रत्येकाला तेवढाच वेळ, तेच प्रश्न, दोन परीक्षक. आणि एकमेकांशी बोलायच्या आधी दोघांनी आपापले गुण लिहून टाकायचे. 'गाव कुठलं, वडील काय करतात' हा प्रश्न तिथं विचारायचा नाही. प्रेमानंसुद्धा नाही.

आता तुमच्यातला कुणी म्हणेल, सर, एवढा खटाटोप कशाला? आपल्या पोरांना जरा सांभाळून घ्या की. असंच म्हणत एक पोरगा माझ्या घरी आला होता. चार गुणांनी राहिलेला. "सर, तुम्ही तरी." त्या 'तुम्ही तरी'नं माझ्या पोटात कालवलं. पण मी गुण वाढवले नाहीत. त्याला बसवलं, वाटणीचा कागद पुढं ठेवला आणि चार गुण कुठं गेले ते एक तास दाखवलं. जाताना तो नीट बोललाही नाही. दयेचे चार गुण घेऊन तो खूश झाला असता. आणि नोकरीच्या पहिल्या मुलाखतीत कुणी तरी त्याला ते चार गुण डोळ्यांनी मोजून दाखवले असते. आपल्याला दया नको. हिशेब पाहिजे.

हिशेब मागणं हा आपला वारसा आहे. बाबासाहेब १९०७ ला मॅट्रिक झाले ते ७५० पैकी २८२ गुणांनी. आज कुठलं नामवंत कॉलेज त्या गुणांवर दारात उभं करील? पुढं लंडनला 'रुपयाचा प्रश्न' हा प्रबंध परीक्षकांनी फेरलिहायला लावला. फेरलिहा असं तोंडावर सांगितलं, म्हणून तर तो फेरलिहिता आला आणि १९२३ साली डी.एस्सी. हातात पडली. आमच्या पोराला नुसता आकडा मिळतो. काय चुकलं ते कळत नाही, मग तो स्वतःलाच चूक समजतो आणि गावाकडं निघून जातो. हे माझ्या डोळ्यांदेखत झालंय.

म्हणून इथून जाताना दोन कामं घेऊन जा. जे विद्यार्थी आहेत, त्यांनी गुणांची वाटणी आधी मागायची आणि निकालानंतर उत्तरपत्रिका बघायची. तपासलेली उत्तरपत्रिका बघणं हा माहितीच्या अधिकारात बसणारा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं ९ ऑगस्ट २०११ लाच सांगितलंय. एकट्यानं नाही, पाच-दहा जणांनी मिळून छायाप्रती घ्या, इथंच टेबलावर मांडा, सातवा गुण कुठं गेला ते शोधा. आणि जे उद्या मास्तर होणार आहेत, त्यांनी पहिला गठ्ठा सोडायच्या आधी स्वतःचं माप कागदावर लिहायचं. कुणीही येऊन विचारलं, सातवा का नाही, तर उत्तर देता आलं पाहिजे.

त्या पोरीचं पुढं काय झालं, मला ठाऊक नाही. मॉडरेटरनी तिचे गुण वाढवले होते. मी वाढवले नव्हते, एवढं मला ठाऊक आहे.

जयभीम!