पाठीत उसण भरली तर

परवा गटाच्या बैठकीला एक ताई आल्या नाहीत. ४५ किलोची युरियाची गोणी एकटीनं उचलली आणि पाठीत उसण भरली.

उसण भरते तेव्हा बहुतेक वेळा पाठीचा स्नायू ताणून त्याचे काही धागे तुटलेले असतात. ते आपले आपण सांधतात, पण दोन-चार आठवडे घेतात. म्हणून पायाळू माणसाची लाथ नको, जोरात रगडणंही नको. दुखावलेला स्नायू आणखी दुखावतो. पहिले दोन दिवस गार पाण्याची पट्टी, नंतर गरम शेक. खाटेवर पडूनही राहू नका, सोसेल तेवढं घरातल्या घरात चाला.

हंडा, गोणी, चाऱ्याचा भारा मात्र बंद. इथंच तर सगळं अडतं! “मग पाणी कोण भरणार?” नवरा भरेल, मुलगा भरेल. हंडा उचलून कुणाच्या मिशा गळत नाहीत. पण हे तोंड उघडून सांगावं लागतं.

पाय बधिर झाला, पायातलं बळ गेलं, लघवी अडली किंवा नकळत झाली, ताप आला, किंवा पडल्यामुळे दुखतंय, तर घरी थांबू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.