चकाकणारा रंग आणि जिवाणूंची गर्दी



नदीच्या पाण्यात, दुधात किंवा रुग्णाच्या थुंकीत जिवाणू सहसा एकटा सापडत नाही. प्रयोगशाळेची शिस्त मात्र एकट्या जिवाणूवर उभी आहे. रॉबर्ट कॉख यांनी १८८०च्या दशकात घट्ट माध्यमावर शुद्ध कल्चर वाढवण्याची पद्धत रूढ केली आणि ‘आधी वेगळा करा, मग ओळखा’ हा क्रम ठरून गेला. क्रम भरवशाचा, पण वेळखाऊ. ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, तर क्षयाच्या जंतूला त्यासाठी जवळजवळ एक दिवस लागतो. म्हणून क्षयाचे कल्चर कित्येक आठवडे घेते. मग मिश्रणातच चकाकणारा रंग घालून जिवाणू ओळखता येईल का? माझे म्हणणे असे, की नेमका प्रश्न विचारला तर येईल; ‘यात कोण कोण आहे’ असे मोघम विचारले, तर हाच रंग आपल्याला चकवील.

पिण्याच्या पाण्याची तपासणी घ्या. भारतीय मानकानुसार अशा पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय आढळता कामा नये. बहुतेक ई. कोलाय ग्लुक्युरोनिडेज नावाचे विकर तयार करतात. हे विकर ‘मग’ या संक्षिप्त नावाच्या पदार्थाचे विघटन करते आणि अतिनील दिव्याखाली पाणी निळे चमकते. नमुन्यात इतर जिवाणू असले तरी ही तपासणी सहसा अडत नाही, कारण प्रश्न एकाच विकरापुरता आहे. तरीही ओ१५७:एच७ हा ई. कोलायचा घातक प्रकार सामान्यतः चमकत नाही. थुंकीच्या तपासणीतले ऑरामिन हे चकाकणारे रंगद्रव्यही असेच: ते क्षयजंतूच्या मेणचट भिंतीला चिकटते, पण त्याच कुळातल्या इतर जंतूंनाही, आणि मेलेल्यांनाही. रंग सांगतो तो गुणधर्म. जिवाणूचे नाव आपण त्यावरून अनुमानाने ठरवतो.

दुसरा मार्ग अनेक रंगांचा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील व्हिन्सेंट रोटेलो यांच्या गटाने २००८ मध्ये सोन्याचे नॅनोकण आणि चमकणारा पॉलिमर यांच्या तीन जोड्या वापरल्या. कणाला चिकटलेला पॉलिमर मंद असतो. जिवाणूचा ऋणभारित पृष्ठभाग कणाला ओढून घेतो, पॉलिमर सुटतो आणि उजळतो. कोणता जिवाणू कोणत्या जोडीला किती उजळवतो, या आकृतिबंधावरून त्यांनी बारा जिवाणू वेगळे ओळखले. नाक गंध ओळखते तसाच हा प्रकार. पण तिथे प्रत्येक जिवाणू एकेकटा तपासलेला होता, आणि खरी अडचण मिश्रणातच सुरू होते.

यावर कोणी म्हणेल, की संगणक मिश्रणाची फोड करील. मर्यादित प्रमाणात करीलही. परंतु तीन रंगांतून तीनच आकडे हाती येतात. त्यांतून दहा जिवाणूंची प्रमाणे काढणे म्हणजे तीन समीकरणांत दहा अज्ञाते सोडवणे. रंग वाढवले तरी जिवाणू त्याच रंगासाठी आपसांत स्पर्धा करतात, गढूळ पाणी प्रकाश अडवते आणि एकूण चमक ही सुट्या चमकींची साधी बेरीज राहत नाही. शिवाय बारा नावे शिकवलेल्या यंत्रापुढे तेरावा जिवाणू आला, तर ‘ओळखत नाही’ असे म्हणण्याची सोय नसलेले यंत्र त्याला बारांपैकीच एक नाव चिकटवते.

दुसरा आक्षेप असा, की डीएनएवरून जिवाणू ओळखणारे पीसीआर असताना या रंगांची गरजच काय? जिवाणूचे नाव सांगण्यात पीसीआर जास्त नेमके आहे, यात वाद नाही. पण त्यालाही विकरे, यंत्र आणि नमुन्याची तयारी लागते, आणि मेलेल्या जंतूचा डीएनए तेही मोजते. रंगाचे काम त्याला हटवण्याचे नाही; शंभर नमुन्यांतले कोणते आधी पुढे पाठवायचे, हे स्वस्तात आणि लवकर ठरवण्याचे आहे. चाळणी म्हणून पाहिले तर त्याची चूकही सोसता येते, कारण पुढे खात्रीची तपासणी उभी असते.

तेव्हा चकाकणाऱ्या रंगांवर चालणारा असा संवेदक विकत घेणाऱ्या नगरपालिकेने किंवा रुग्णालयाने विक्रेत्याला दोन प्रश्न विचारावेत: याची परीक्षा मिश्र नमुन्यांवर झाली आहे का, आणि न शिकवलेला जिवाणू समोर आला तर हा काय उत्तर देतो? शुद्ध कल्चरवरची अचूकता कितीही मोठी असली, तरी या दोन प्रश्नांच्या उत्तरांवाचून खरेदी करू नये.