घरची बेगमी

वैशाखाचें ऊन चढलें कीं महाराष्ट्रांतील जुन्या वाड्यांच्या गच्च्यांवर आणि अंगणांत एक निराळीच लगबग सुरू होत असे. कोठें गव्हाच्या चिकाच्या कुरडया, कोठें उडदाचे पापड, कोठें कोहळ्याचे सांडगे. एका बाजूला मिरच्या पसरलेल्या, तर दुसऱ्या बाजूला चिंच फोडून, तिला मीठ लावून, तिचे गोळे वळणें चाललेलें. कावळे हांकण्यासाठीं घरांतील एखादें पोर हातांत काठी देऊन बसविलेलें असे, आणि कावळ्यांपेक्षां या पहारेकऱ्याचाच वाळवणावर अधिक डल्ला पडे. या सर्व खटाटोपाला बेगमी असें नांव आहे. फारसींत ‘बे’ म्हणजे वांचून आणि ‘गम’ म्हणजे चिंता. त्यावरून हा शब्द आपल्याकडे आला. ज्या घरची बेगमी झाली तें घर पुढील चार महिन्यांपुरतें चिंतेंतून सुटलें, एवढाच त्याचा सरळ अर्थ.

ही चिंता कल्पनेंतली नव्हती. मृगाचा पाऊस लागला कीं कच्चे रस्ते चिखलांत बुडत, ओढ्यांना पूर येत आणि आठवड्याचा बाजार भरेलच अशी खात्री नसे. कोंकणच्या किनाऱ्यावर तर पावसाळ्यांत आगबोटींची ये-जा बंद पडे. म्हणून तेथील कुटुंबें आगोटीपूर्वींच भात, कुळीथ, मीठ, आमसुलें, सुकी मासळी, सरपण आणि शेणी घरांत भरून घेत. गोमंतकांत या खरेदीला ‘पुरुमेंत’ म्हणतात. बेगमी या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दाचें तें देशी रूप आहे, आणि पावसाळ्याच्या तोंडावर मडगांवला त्याच नांवाची मोठी फेरी भरते. आतां रस्ते झाले, आगगाडी आली, तरी मिरच्या, कोकम आणि सुके बांगडे यांच्या राशींपुढें तेथें गर्दी लोटते.

देशावर मुख्य प्रश्न धान्याचा. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी, या हिशेबानें घरांत येणारें धान्य ठेवण्याच्या जागाही ऐपतीप्रमाणें निरनिराळ्या असत. गरिबाची मडक्यांची उतरंड, मध्यम कुणब्याची बांबूची विणून शेणामातीनें सारविलेली कणगी, वाड्यांतील भिंतीलगतचें बळद, आणि ज्याच्याकडे खंडीवारी धान्य येई त्याचें जमिनीखालचें पेव. पेव खणावयाचें तें उंचवट्यावर, जेथें पाणी झिरपत नाहीं अशा कोरड्या मुरमाड जमिनींत. तळाला व बाजूंना कडबा किंवा भूस लावून आंत ज्वारी ओतीत आणि तोंड दगडमातीनें बंद करून टाकीत. कडेची थोडी ज्वारी काळवंडे, सगळ्याच दाण्याला एक प्रकारचा उग्र वास येई. परंतु आंतील धान्य वर्षानुवर्षें टिकत असे. सांगलीजवळ हरिपूर येथें हळद ठेवण्यासाठींही अशीच पेवें होतीं. २००५ सालच्या महापुरानें त्यांपैकीं पुष्कळ निकामी झालीं.

पेव टिकतें कशानें, हें आज शास्त्रानें स्पष्ट झालें आहे. धान्याचा दाणा जिवंत असतो. तो आणि त्यांतील किडे दोघेही श्वसन करतात. तोंड पक्कें बंद असल्यामुळें आंतील प्राणवायु हळूहळू संपतो, कार्बन डायॉक्साइड वायु सांचतो आणि किडे आपणच गुदमरून मरतात. हाच वायु माणसालाही सोडीत नाहीं. पेव उघडल्याबरोबर उतावळेपणानें आंत उतरलेलीं माणसें प्राणांस मुकल्याचीं उदाहरणें आहेत. म्हणून जाणते लोक पेव उघडें टाकून वाट पाहात आणि आधीं दोरीनें दिवा खालीं सोडून पाही. दिवा विझला तर माणूस उतरवीत नसत. शहरांतील गृहिणीला पेव कशाला हवें, असें कोणी म्हणेल. परंतु तिच्या स्वयंपाकघरांतील पत्र्याच्या डब्यालाही हाच नियम लागू आहे. घट्ट झांकणाचा आणि कांठोकांठ भरलेला डबा टिकतो. अर्धा रिकामा व दिवसांतून चार वेळां उघडला जाणारा टिकत नाहीं. यासाठीं मोठ्या डब्यांतून आठवड्यापुरतें धान्य लहान डब्यांत काढून घेण्याची जुनी चाल होती, ती फार शहाणपणाची होती.

धान्याचा पहिला शत्रु ओल. दाण्यांतील पाण्याचें प्रमाण शेंकडा बाराच्या आसपास असेल तर तो स्वस्थ राहतो. चौदाच्या वर गेलें कीं किडा आणि बुरशी दोन्ही माजतात. हें मोजण्याचें यंत्र घरीं नसतें, पण दांत असतात. दाणा चावल्यावर कटकन फुटला तर वाळला. दबला तर आणखी दोन उन्हें द्यावयास हवींत. येथें एक चूक फार घडते. उन्हांतून उचललेलें गरम धान्य तसेंच डब्यांत भरलें, तर निवतांना त्याला घाम सुटतो आणि सगळें ऊन वायां जातें. धान्य सावलींत रात्रभर निवूं द्यावें आणि मग भरावें.

दुसरा शत्रु किडा, आणि तो बहुधा दुकानांतूनच घरांत येतो. सोंड्याची मादी गव्हाच्या किंवा तांदळाच्या दाण्याला बारीक भोंक पाडते, त्यांत अंडें घालते आणि तें भोंक बुजवून टाकते. वरून दाणा अगदीं निर्मळ दिसतो. उबदार हवेंत महिन्या-सव्वा महिन्यांत आंतून नवा किडा बाहेर पडतो, तेव्हां घरांत दुकानदाराच्या नांवानें बोटें मोडलीं जातात. कडधान्याच्या भुंग्याची तऱ्हा याहून बेरकी. तो शेतांतील शेंगेवरच अंडीं घालून ठेवतो. उन्हाचा कडक ताव हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. त्यानंतर गव्हाला एरंडेलाचा हात फिरवावा, तूरडाळीला थोडें तेल चोळावें, सबंध कडधान्यांत चाळलेली राख मिसळावी, कडुनिंबाचा पाला वाळवून घालावा. तेलाच्या पुटावर आणि राखेंत किड्याला अंडीं घालणें जड जातें. तांदळाला बोरिक पावडर लावण्याची वहिवाट आहे. तसें केल्यास शिजविण्यापूर्वीं तो तीन-चार पाण्यांनीं धुणें सोडूं नये. पाऱ्याच्या गोळ्या मात्र घरांत न आणलेल्या बऱ्या, कारण पारा हें विष आहे. गुदामांत धुरीसाठीं वापरतात त्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर घराच्या उंबऱ्याच्या आंत येऊंच नयेत. त्यांतून निघणारा वायु बंद खोलींत निजलेल्या माणसांचेही प्राण घेतो, आणि तसें घडलेलें आहे.

बुरशी ही तर किड्याहून वाईट. किडा दिसतो तरी. १९७४ सालीं राजस्थान व गुजराथ यांच्या सीमेवरील आदिवासी गांवांत अवेळीं पावसांत भिजलेला मका लोकांनीं सांठविला व खाल्ला. त्यावरील बुरशीच्या विषानें कावीळ होऊन शंभरांहून अधिक माणसें मरण पावलीं. भुईमुगाचे काळपट, सुरकुतलेले, कडू दाणे निवडून फेकण्याविषयीं घरांतील वडील बायका इतका आग्रह कां धरीत, हें त्यावरून कळेल. काटकसर म्हणून बुरसलेलें धान्य धुऊन, वाळवून वापरणें ही काटकसर नव्हे. तें विष धुतल्यानें किंवा शिजविल्यानें जात नाहीं.

कांहीं जिन्नस मुळांतच सांठवण्याचे नाहींत. बाजरीचें पीठ चार-आठ दिवसांत कडवट होतें, कारण बाजरींत तेलाचा अंश अधिक. हातसडीच्या तांदळाचा कोंडा खवट होतो. उलट सडलेला तांदूळ वर्षभर मुरला म्हणजे भात मोकळा होतो. ज्वारी दाण्याच्या रूपांत ठेवावी. पीठ जुनें झालें म्हणजे भाकरी थापतांना तुटते.

येथवरचा भाग घरांतील स्त्रियांना पाठच असतो. खरा वादाचा प्रश्न यापुढें येतो. घरांत धान्य भरून ठेवणारा दूरदर्शी म्हणावा कीं साठेबाज?

मार्च १९४२ मध्यें रंगून जपान्यांच्या हातीं गेलें आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ येणें बंद झालें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत बंगालच्या किनाऱ्यावर मोठें वादळ झालें. शत्रूच्या उपयोगी पडूं नयेत म्हणून तेथील होड्या सरकारनें आधींच काढून घेतल्या होत्या. धान्य महागणार अशी आवई उठली; व्यापाऱ्यांनीं कोठारें मिटलीं, सुखवस्तु घरांनीं मिळेल तें विकत घेतलें आणि भाव अधिकच चढले. १९४३ च्या दुष्काळांत सरकारी चौकशी मंडळाच्या हिशेबानें १५ लाख माणसें दगावलीं. पुढील अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांपर्यंत जातात. अमर्त्य सेन यांनीं १९८१ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें, कीं त्या वर्षीं बंगालांत उपलब्ध असलेलें धान्य आधींच्या पांच वर्षांच्या सरासरीपेक्षां सुमारें पांच टक्के कमी होतें खरें, पण १९४१ पेक्षां तें जास्तच होतें. मग मेले कोण? शेतमजूर, कोळी, होडीवाले, ज्यांची दिवसाची मजुरी दिवसाच्या तांदळालाही पुरेनाशी झाली ते. त्यांच्या मडक्यांत बेगमी म्हणून कांहीं नव्हतें, आणि बाजारांतील भावापर्यंत त्यांचा हात पोंचत नव्हता.

मुंबई शहरांत २ मे १९४३ पासून शिधावाटप सुरू झालें. रांगा लागल्या, तांदळांतील खड्यांविषयीं कुरकुर झाली. तथापि श्रीमंताच्या आणि गिरणीकामगाराच्या पत्रिकेवर धान्य मापानें मिळूं लागलें आणि बंगालसारखा प्रसंग त्या शहरावर आला नाहीं. पत्रिकेच्या जोरावर घरांत दडवून ठेवणाऱ्यांना त्या काळीं शेजारीपाजारी फारशा आदरानें पाहात नसत, आणि तें योग्यच होतें.

म्हणून बेगमी आणि साठेबाजी यांतील भेद किती भरलें यापेक्षां केव्हां भरलें यावरून अधिक ठरतो. तूर माघांत येते, रब्बीची ज्वारी आणि गहूं फाल्गुन-चैत्रांत. त्या वेळीं बाजारांत माल उतूं जात असतो, भाव पडलेले असतात आणि शेतकऱ्याला गिऱ्हाईक हवें असतें. तेव्हां घेतलेल्या चार पायल्यांनीं कोणाच्याही ताटांतला घांस जात नाहीं. उलट पुढें टंचाई आली तर रांगेंत एक माणूस कमी उभा राहतो. तोच गहूं अफवा उठल्यानंतर घेतला, तर भाव आणखी एक पायरी चढतो आणि रोजंदारीवर जगणाऱ्याला ती पायरी चढतां येत नाहीं.

२४ मार्च २०२० रोजीं रात्रीं आठ वाजतां देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली आणि घटकाभरांत मुंबई-पुण्याच्या वाणसामानाच्या दुकानांपुढें झुंबड उडाली. किराणा दुकानें उघडीं राहणार होतीं आणि सरकारी कोठारांत त्या महिन्यांत पांच कोटि टनांहून अधिक धान्य होतें. गव्हाचा दाणाही कमी नव्हता, कमी होता तो धीर. ज्या घरांत चैत्राची खरेदी आधींच झाली होती, त्या घरांतील माणसें त्या रात्रीं घरींच बसलीं. आणि ज्यांची मजुरी दुसऱ्या दिवसापासून बंद झाली त्यांना त्या झुंबडींत जाण्याइतकेही पैसे नव्हते. ते रस्त्यानें आपल्या गांवीं चालूं लागले.

१९७२ च्या अवर्षणाची गोष्ट निराळी होती. लागोपाठच्या वर्षीं पाऊस हुकल्यामुळें कणगीच रिकाम्या होत्या. तेथें घरच्या बेगमीचा उपाय चालण्यासारखा नव्हता. रेशनच्या दुकानांत अमेरिकेहून आलेला लाल मिलो आला, दुष्काळी कामावर सुकडी वांटली गेली आणि मे १९७३ मध्यें सुमारें ५० लाख माणसें खडी फोडण्याच्या व रस्ते-तलावांच्या कामांवर होतीं. मिलोच्या भाकरीला लोकांनीं नांवें ठेविलीं, पण तिनें जीव वांचविले. घराच्या कोठीची शक्ति आठवड्यांची, फार तर महिन्यांची. त्यापुढें सरकारी कोठार आणि हाताला काम हींच उपयोगीं पडतात.

आजच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत बळद बांधण्यास जागा नाहीं, आणि त्याची गरजही नाहीं. माणशीं दिवसाला ३०० ग्रॅम धान्य धरलें तर चार माणसांना महिन्याला ३६ किलो लागतें. ७० ग्रॅम डाळीच्या हिशेबानें साडेआठ किलो डाळ. एवढें धान्य पलंगाखालच्या दोन डब्यांत मावतें. ऑगस्ट २०१९ मध्यें पंचगंगा व कृष्णा यांच्या पुरानें कोल्हापूरजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला, तेव्हां ज्या घरीं इतकी सोय होती तेथें दुधाभाजीवांचून अडलें, पण जेवण अडलें नाहीं. अशा प्रसंगीं धान्याआधीं पाणी आणि जळण संपतें, हें मात्र त्या पुरांत दिसून आलें. भरलेलें गॅसचें सिलिंडर एक शिल्लक असावें, पिण्याचें पाणी माणशीं दिवसाला तीन लिटर याप्रमाणें तीन-चार दिवसांचें झांकून ठेवावें, आणि न शिजवितां खातां येतील असे पोहे, चुरमुरे, फुटाणे, गूळ हातांशीं असावेत. घरांतील वृद्धांचीं रोजचीं औषधें पंधरा दिवसांचीं शिल्लक ठेवावीं. वाळवणाच्या यादींत हीं पूर्वीं नसत.

आणि डबा भरतांना नवें धान्य जुन्यावर ओतूं नये. खालचें जुनें वर्षानुवर्षें तळाशीं राहतें, तेथेंच किडा पडतो आणि वरचें चांगलेंही जातें. डबा रिकामा करावा, पुसून उन्हांत ठेवावा, तळाशीं निंबाचा पाला पसरावा, नवें धान्य भरावें आणि जुनें त्याच आठवड्यांत दळून आणावें.