मध्यम वयातील वजन आणि शिक्षकाची दिनचर्या

(केंद्रस्तरावरील शिक्षण परिषदेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्य तपासणीच्या दिवशी शाळेत वजनकाटा मांडला जातो, भिंतीवरील पट्टीशी मुलांची उंची मोजली जाते आणि गुरुजी ती सर्व माहिती नोंदवहीत काळजीपूर्वक लिहितात. एखाद्या मुलाचे वजन वयाच्या मानाने कमी भरले तर त्याच्या आईस बोलावून घेतले जाते. परंतु त्याच काट्यावर गुरुजी स्वतः उभे राहिले आहेत, असे दृश्य फार थोड्या शाळांतून दिसते. चाळिशी ओलांडलेल्या शिक्षकास आपले वजन वाढल्याचे कळते ते बहुधा शिंप्याकडून, किंवा टेकडीवरच्या वस्तीत पटनोंदणीस जाताना लागलेल्या दमावरून.

वय झाले म्हणजे अंग सुटायचेच, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती तपासून पाहण्याजोगी आहे. देहाचा रोजचा उष्मांकांचा खर्च वयागणिक कसा बदलतो, याचे एक मोठे संशोधन 2021 साली प्रसिद्ध झाले. त्यात तान्ह्या बालकांपासून नव्वदीपलीकडील वृद्धांपर्यंत सहा हजारांहून अधिक माणसांची मोजमापे एकत्र केली होती. देहाचा आकार व त्यातील स्नायूंचे प्रमाण हिशेबात धरले, तर विसाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत हा खर्च जवळजवळ स्थिर राहतो, असे त्यात दिसून आले. म्हणजे चाळिशीत जठराग्नी एकाएकी मंदावतो असे नव्हे. स्नायू हळूहळू झिजतात हे खरे. पण ते झिजण्याचेही एक मोठे कारण न वापरणे हेच असते.

मग बदलते काय? एखाद्या शिक्षकाच्या नोकरीचा इतिहास पाहावा. नोकरीच्या पहिल्या वर्षी तो एस. टी. फाट्यावर उतरून तीन किलोमीटर चालत शाळा गाठीत असे. पुढे सायकल आली, नंतर मोटारसायकल. पूर्वी विहिरीवरून किंवा हातपंपावरून येणारे पाणी नळाला आले. शाळेतील कागदपत्रे भ्रमणध्वनीवर भरावयाची झाली आणि त्यापायी खुर्चीतील बैठक लांबली. पगार वाढला, घरी तेलाचा डबा मोठा आला, तालुक्याच्या गावी बिऱ्हाड झाले आणि चौकात वडापावाची गाडी लागली. यातील एकही गोष्ट वाईट नाही. पण श्रम कमी झाले, भूक मात्र पूर्वीच्या सवयीनेच जेवत राहिली. वर्षाला किलो-दीड किलो याप्रमाणे दहा वर्षांत जे साठते, ते या दोहोंतील तफावतीचे फळ होय.

बैठ्या कामाचा परिणाम केवळ वजनापुरता नसतो. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास जेरेमी मॉरिस यांनी केला व तो 1953 साली प्रसिद्ध झाला. एकाच गाडीवर चालक दिवसभर बसून असे आणि वाहक जिना चढउतार करून तिकिटे फाडीत असे. वाहकांपेक्षा चालकांमध्ये हृदयविकार अधिक आढळला. खुर्चीवर बसून शिकवणारा शिक्षक आणि बाकांमधून फिरत शिकवणारा शिक्षक यांच्यातही असाच फरक पडत असल्यास नवल नाही. शिवाय दुसऱ्याचा वर्ग अधिक चांगला चालतो, हे निराळे सांगावयास नको.

आता मोजमापाचा विचार. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. येणारा आकडा भारतीय माणसाच्या बाबतीत 23 च्या आत असणे बरे, आणि 25 च्या वर गेला तर तो स्थूलपणा समजावा. 165 सेंटिमीटर उंचीच्या पुरुषास हे गणित सुमारे साडेबासष्ट व अडुसष्ट किलो असे येते. 152 सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीस सुमारे त्रेपन्न व अठ्ठावन्न किलो असे. याहून सोपे माप म्हणजे कंबरेचा घेर. शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या मधोमध टेप धरावा, श्वास सहज सोडावा, पोट आत ओढू नये. पुरुषाचा घेर 90 सेंटिमीटरच्या व स्त्रीचा 80 सेंटिमीटरच्या आत असावा. शाळेत दुसऱ्या इयत्तेला लांबी शिकवण्यासाठी आणलेला टेप या कामास पुरतो.

आपल्याकडच्या माणसास नुसत्या वजनावर विसंबता येत नाही, हे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्याच देहाच्या दाखल्याने दाखविले आहे. 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे व ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले गेले. वर सांगितलेला आकडा दोघांचाही 22.3, म्हणजे अगदी योग्य. परंतु देहातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिकांची 21.2 टक्के होती. हातपाय बारीक आणि पोट पुढे, ही आपल्याकडील मध्यमवयीन माणसाची ठेवण आहे. आणि पोटातील हीच चरबी मधुमेहास आमंत्रण देते.

येथे हा प्रश्न केवळ रूपाचा राहत नाही. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा द्विशिक्षकी आहेत. पन्नाशीच्या गुरुजींना सेवेची आठ वर्षे उरलेली असतात; त्यांपैकी एक पायाच्या न भरणाऱ्या जखमेत किंवा हृदयाच्या दुखण्यात गेले, तर अर्धी शाळा रिकामी होते आणि सारे वर्ग एकाच जोडीदाराच्या गळ्यात पडतात. गुरुजींच्या घरी ऐन शिक्षणाच्या वयातील मुले असतात, तो भाग वेगळाच.

उपाय मात्र आवाक्यातील आहे. अमेरिकेत झालेल्या व 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील माणसांना वजनाच्या 7 टक्के घट आणि आठवड्यास 150 मिनिटे चालणे, एवढेच लक्ष्य दिले होते. त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण 58 टक्क्यांनी घटले. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी असाच प्रयोग भारतीयांवर केला. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षात ही घट 28.5 टक्के होती, आणि विशेष म्हणजे या मंडळींचे वजन फारसे उतरलेलेही नव्हते. काटा हलला नाही म्हणून चालणे सोडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पंच्याहत्तर किलोच्या माणसाने सत्तरपर्यंत येणे पुरेसे असते; विशीतील वजनाकडे परतण्याचा हट्ट नको. आठवड्यास अर्धा किलो ही उतरण्याची चांगली गती होय. त्याहून वेगाने उतरलेले वजन जाताना स्नायूही घेऊन जाते.

आहारात पहिला हात चहाच्या साखरेस घालावा. सकाळी घरी दोन कप, शाळेत दोन, गावात कोणाच्या ओसरीवर एक, संध्याकाळी एक, असे सहा कप सहज होतात. कपास दोन छोटे चमचे धरले तर साखर 60 ग्रॅम व उष्मांक 240 होतात. एका किलो चरबीत सुमारे 7,700 उष्मांक असतात. तेव्हा कागदावर हा वर्षाचा हिशेब अकरा किलोंवर जातो. प्रत्यक्षात देह असे त्रैराशिक पाळीत नाही, कारण वजन घटू लागले की खर्चही घटतो. तरीही एवढी मोठी गळती इतक्या कमी कष्टात दुसरीकडे कोठे थांबवता येत नाही. साखर एकदम सोडू नये; दर पंधरवड्याने अर्धा चमचा कमी केला तर जिभेस ते फारसे कळत नाही. चहाबरोबरची खारी, बिस्किटे व शेवचिवडा यांचा हिशेब वर आणखी निराळा. गूळ घातला म्हणून चहा निर्दोष होत नाही, आणि कोमट पाण्यातील मध चरबी वितळवीत नाही.

दुसरी गोष्ट तेल. चमचे मोजीत बसणे कोणत्याही स्वयंपाकघरात चालत नाही. एक लिटर तेलाची पिशवी किती दिवस पुरते, एवढेच पाहावे. चार माणसांच्या घरात ती नऊ दिवस पुरली तर दरमाणशी रोजचे तेल 25 ग्रॅमच्या आसपास येते, आणि ते योग्य आहे. ती पाच-सहा दिवसांत संपत असेल तर भाजीवर तर्री जास्त चढते आहे, हे उघड आहे. पिशवी फोडल्याची तारीख पेन्सिलीने तिच्यावरच लिहून ठेवावी.

भाकरीविषयी थोडे अधिक बोलणे आवश्यक आहे. ज्वारी-बाजरीने वजन उतरते, असा प्रचार अलीकडे, विशेषतः 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाल्यापासून, फार ऐकू येतो. शंभर ग्रॅम ज्वारीचे व शंभर ग्रॅम गव्हाचे उष्मांक जवळजवळ सारखेच आहेत. भाकरीचा गुण निराळा आहे: तिला तेल लागत नाही, ती चावून खावी लागते, आणि दोन भाकऱ्यांत जे समाधान होते त्यास तेल लावलेल्या चार घडीच्या पोळ्या लागतात. तेव्हा भाकरी जरूर खावी, पण ज्वारीची आहे म्हणून तिसरी घेऊ नये. ताटातील अर्धी जागा भाजी व कोशिंबिरीची असावी. मेथी, शेपू, तांदुळजा, अंबाडी, काकडी, मुळा या गोष्टी खेड्यात शहरापेक्षा ताज्या व स्वस्त मिळतात. मोड आलेली मटकी, मूग, हरभरा, पातळ ताक आणि खाणाऱ्यांनी अंडी, ही स्नायूंची रसद आहे. भात-भाकरी कमी करताना यांचे प्रमाण मात्र कमी करू नये. रात्रीचे जेवण लवकर व हलके असावे. दूरचित्रवाणीसमोर जेवताना हात थांबत नाही, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे.

शाळेत पोषण आहाराची चव घेणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. चव म्हणजे एक घास. कर्तव्यदक्षतेने तेथे एक ताटली आणि पुन्हा घरचा डबा, असा प्रकार झाला तर दोष खिचडीचा नव्हे. उपवासाविषयीही बोलावे लागेल. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यात दाण्याचे कूट, तूप आणि बटाटा. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण करणाऱ्यास आहारशास्त्र चांगले कळत असावे.

व्यायामाच्या बाबतीत एक भ्रम दूर करणे अवश्य आहे. एका वडापावाचे उष्मांक जाळण्यास तासभर तरी चालावे लागते. म्हणून नुसत्या चालण्याच्या बळावर हवे ते खाता येईल, ही आशा व्यर्थ आहे. वजन उतरते ते मुख्यतः ताटावर. ते उतरलेले टिकते, स्नायू शाबूत राहतात आणि रक्तातील साखर ताब्यात राहते, ती व्यायामाने. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रौढांसाठी आठवड्यास 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रम आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम, असे प्रमाण सांगितले आहे. मध्यम श्रम म्हणजे चालताना बोलता येते, पण गाता येत नाही, इतपत वेग.

शिक्षकास यासाठी निराळे व्यायामगृह नको. मोटारसायकल गावाच्या वेशीवर ठेवून शेवटचा किलोमीटर चालत गेल्यास जाऊन-येऊन रोजची पंचवीस मिनिटे होतात, आणि वाटेत पालकही भेटतात. कवायतीच्या तासाला शिटी वाजवीत सावलीत उभे राहण्याऐवजी मुलांबरोबर हात-पाय हलवावेत. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार शाळाशाळांत नेले व स्वतः उतारवयापर्यंत घातले. पोट सुटलेल्या माणसाने मात्र पहिल्याच दिवशी बारा घालू नयेत. तीन पुरेत, आठवड्याने एक वाढवावा. ज्यांना वाकणे जमत नाही त्यांनी भिंतीला हात टेकून जोर काढावेत, आणि हातांचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठावे-बसावे. ज्यास हे दहा वेळा जमत नाही, त्याच्या मांड्या किती दुबळ्या झाल्या आहेत हे त्याचे त्यासच समजेल.

शिक्षिकांची अडचण निराळी आहे. पहाटेचा स्वयंपाक, शाळा आणि पुन्हा संध्याकाळचा स्वयंपाक यांत स्वतःसाठी अर्धा तास उरत नाही. उरलेले अन्न वाया जाऊ नये म्हणून पातेल्यातील शेवटची भाजी व अर्धी पोळी सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईंच्या पोटात जाते. ऋतुनिवृत्तीच्या सुमारास चरबीचा ओघ कंबरेकडे वळतो, तोही याच वयात. येथे उपदेशापेक्षा घरातील माणसांनी वाटा उचलणे अधिक उपयोगी पडेल. भाकरी थापता येत नसली तरी भांडी घासणे, कणीक मळणे आणि मुलांचा डबा भरणे पुरुषांस येण्यासारखे आहे. गावातील दोघी-तिघी जणींना बरोबर घेऊन शाळा सुटल्यावर मैदानावर फेऱ्या मारल्या तर रस्त्यावरील वाहनांची व कुत्र्यांची भीती उरत नाही.

काही बाबतींत सावधगिरी हवी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्यावाचून जेवण कमी करू नये. साखर एकाएकी उतरून घेरी येते. चालताना छातीत दाटून आले तर तेथेच थांबावे व त्याच दिवशी तपासून घ्यावे. काही न करता वजन उतरू लागणे ही आनंदाची वार्ता नसून रोगाची खूण असू शकते. थकवा, सूज व थंडी सोसवेनाशी होणे यांसह वजन वाढत असेल तर थायरॉइडची तपासणी करावी. महिन्याभरात दहा किलोंचे आश्वासन देणारी चूर्णे व पेये घेऊ नयेत, मग ती विकणारा सहकारी शिक्षक का असेना.

तीस वर्षांवरील सर्वांच्या रक्तदाबाची व रक्तातील साखरेची तपासणी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य होते. उपाशीपोटीच्या साखरेसाठी आदल्या रात्रीपासून किमान आठ तास काही खाल्लेले नसावे. सकाळचा चहादेखील नको. पहिले वजन, कंबरेचा घेर व साखरेचा आकडा वहीच्या एकाच पानावर लिहावा आणि पुढील नोंदी त्याखाली दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, शाळेस निघण्यापूर्वी, त्याच काट्यावर घ्याव्यात.