उन्हाची वाटणी

जालना शहराच्या पूर्व अंगाला मस्तगड आहे. निजामुल्मुल्क आसफजाहच्या हुकुमावरून काबिलखानानं १७२५ साली हा किल्ला बांधला. पुढे त्याच्या आवारात नगरपालिकेची कचेरी आली, आणि आता मस्तगड म्हटलं की जालनेकरांच्या डोळ्यांपुढे किल्ला कमी आणि शहराचा तो भाग अधिक उभा राहतो. किल्ल्याच्याही आधी जमशेदखानानं गावाच्या पश्चिमेला मोती तलाव बांधला आणि जमिनीखालून नळ घालून शहरात पाणी आणलं. म्हणजे या गावाला पाण्याची चणचण नवी नाही, आणि तिची तरतूद करणंही नवं नाही. अशी तरतूद प्रथम वेशीच्या आतल्यांसाठी होते. वेशीबाहेरच्या माणसाचं काय, हा प्रश्न मागाहून येतो, आणि कित्येकदा येतही नाही.

श्रोतेहो, आज मला बोलायचं आहे ते या वेशीबाहेरच्या माणसाविषयी. विषयाचं नाव जरा भारदस्त आहे: हवामानाचा न्याय आणि आदिवासींचे हक्क. पण नावाला बिचकण्याचं कारण नाही. साधा हिशेब आहे. कोळसा आणि तेल जाळून जगानं हवा तापवली. जाळणारे कोण आणि भाजणारे कोण, एवढंच पाहायचं.

अमेरिकेतला माणूस वर्षाला सरासरी सुमारे १४ टन कार्बन वायू हवेत सोडतो, भारतातला सुमारे २ टन. आणि हे २ टनही सरासरीचे. त्यात मुंबईतला वातानुकूलित दिवाणखाना आला आणि अंबड तालुक्यातली चूलही आली. १९९१ साली अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी एक पुस्तिका लिहून जगाला विचारलं होतं की, भात पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या खाचरातून निघणारा वायू आणि श्रीमंताच्या मोटारीतून निघणारा धूर तुम्ही एकाच तराजूत कसे घालता? एक पोटासाठी, दुसरा चैनीसाठी. त्यानंतर १९९२ साली रिओ इथे राष्ट्रांनी मान्य केलं की जबाबदारी सगळ्यांची असली तरी सारखी नाही. २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत हवामानाचा न्याय आणि मूळ रहिवाशांचे हक्क हे दोन्ही शब्द आले. प्रस्तावनेतच आले, हेही लक्षात ठेवावं.

याच्याही आधीची एक गोष्ट मराठवाड्यानं विसरू नये. जून १९७२ मध्ये स्टॉकहोमला पर्यावरणाची पहिली जागतिक परिषद भरली. इंदिरा गांधी तिथे गेल्या आणि त्यांनी श्रीमंत राष्ट्रांना सुनावलं की दारिद्र्य आणि गरज यांच्याइतकं मोठं प्रदूषण कोणतं? त्याच वर्षी इकडे पावसानं पाठ फिरवली. बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना खडी फोडणारे हात, लाल मिलो आणि सुकडी आठवत असेल. तो दुष्काळ तापलेल्या हवेमुळे पडला असं कुणी म्हणत नाही. पण त्यातून महाराष्ट्रानं एक हक्क मिळवला. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, हे उपकार म्हणून नव्हे तर कायद्यानं मिळालं, आणि पुढे २००५ साली देशानं तोच मार्ग धरला. संकटातून माणूस तरतो तो मदतीनं, हे खरं. पण मदत मागायला हक्काची जागा असली तर तो मान खाली न घालता तरतो.

आता संकटाचं रूप पालटलं आहे. हवा एका अंशानं तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के वाफ जास्त मावते. म्हणून पाऊस येत नाही तेव्हा येतच नाही, आणि येतो तेव्हा कोसळतो. जालना जिल्ह्यानं ही दोन्ही टोकं थोड्या वर्षांत पाहिली. २०१२ च्या अवर्षणानंतर पुढच्या उन्हाळ्यात इथल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडं लोकांनी तोडली. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात असा पाऊस झाला की काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं आणि कित्येक शेतांतली मातीच वाहून गेली.

बाग वाळली तर पंचनामा होतो. माती वाहिली तर नुकसानभरपाईची यादी लागते. पण त्या यादीला सातबारा लागतो. ज्याचं नाव सातबाऱ्यावर नाही, त्याचं पीक सरकारी कागदावर बुडतच नाही, कारण ते उगवलेलंच नसतं!

असे लोक कोण? मराठवाड्याच्या बहुतेक गावांच्या कडेला गायरान असतं. गुरांसाठी राखलेली ही पड जमीन दोन-तीन पिढ्यांपासून भूमिहीन दलित, पारधी, भिल्ल आणि भटक्या जमातींची माणसं कसत आली आहेत. पारध्यांचं उदाहरण घ्या. ही अनुसूचित जमात, म्हणजे कायद्यानंच आदिवासी. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मानंच माणसाला चोर ठरवण्याची रीत घातली. तो कायदा १९५२ साली गेला, तरी गावानं त्यांना गावात घेतलं नाही. ती गायरानावर पालं टाकून राहिली, धोंडे वेचले, बांध घातले, ज्वारी-तूर पेरली. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह पुकारला, त्यात मराठवाड्यातली माणसं तुरुंगात गेली. डिसेंबर १९६४ मध्ये तर तो देशभर झाला. २८ नोव्हेंबर १९९१ रोजी सरकारनं निर्णय काढला की १४ एप्रिल १९९० पूर्वीपासून जे कसत आहेत त्यांच्या जमिनी त्यांच्या नावे कराव्यात. किती लोक तेव्हापासून कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत आहेत! कुणाकडे दंडाची पावती आहे, कुणाचं नाव तलाठ्याच्या १-ई नमुन्यात अतिक्रमणदार म्हणून चढलं आहे. आपण जमीन चोरली असं सांगणारा कागदच आपल्या हक्काचा पुरावा म्हणून जपून ठेवायचा, असा हा प्रकार. तोही सगळ्यांकडे नाही. २०२२ साली हा विषय उच्च न्यायालयापुढे आला, नोटिसा निघाल्या आणि खेडोपाडी पुन्हा घबराट उडाली.

आणि आता याच गायरानावर सूर्य उतरतो आहे. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून सरकारनं सौर कृषिवाहिनी योजना काढली. २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. उपकेंद्राजवळ सौरपट्ट्या बसवायच्या आणि तिथली वीज पंपांना द्यायची. योजना चांगली आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. रात्री दोन वाजता विंचू-सापाच्या भीतीनं बॅटरी घेऊन पाणी द्यायला जाणारा शेतकरी ज्यानं पाहिला आहे, तो तिला नावं ठेवणार नाही. कोळसा कमी जळेल हा लाभ वेगळाच. पण १ मेगावॉटला चार-पाच एकर जागा लागते. खासगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडं ठरवलं आहे. सरकारी जमीन नाममात्र भाड्यानं मिळते. मग कंत्राटदाराचं लक्ष आधी कुठे जाईल? नकाशावर गायरान मोकळं दिसतं. तिथली तूर नकाशाला दिसत नाही.

आदिवासींच्या वाट्याला हे पूर्वी आलेलं आहे. नर्मदेवर सरदार सरोवर झालं. वीज धूर न करणारी, धरण देशाच्या भल्याचं. त्यात सातपुड्यातली महाराष्ट्राची ३३ गावं बुडितात गेली, आणि १९९३ साली अक्कलकुवा तालुक्यातल्या मणिबेलीत पाणी शिरलं तेव्हा पुनर्वसन पुरं झालेलं नव्हतं. स्वच्छ वीज हा शब्द उच्चारताना भिल्ल-पावऱ्यांची ती घरं आठवली पाहिजेत.

याच्या उलट बाजूही आहे, आणि ती महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं गोंडांचं छोटं गाव. वनहक्काचा २००६ चा कायदा आला, आणि २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत त्याची गणना होते. तरीही बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना वनखात्याचाच. गाव अडून बसलं. देवाजी तोफा आणि त्यांच्या ग्रामसभेनं पाठपुरावा सोडला नाही, आणि एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री यांच्या समक्ष परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. बांबू विकला गेला, पैसा गावात आला, आणि जंगल उभं आहे. हवेतला कार्बन शोषणारं ते जंगल आपल्याही उपयोगाचं आहे, हे शहरातल्यांनी ध्यानात घ्यावं. ओरिसातल्या नियमगिरीवर २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं ग्रामसभांना विचारायला सांगितलं, आणि बारा पल्ल्यांनी खाणीला नकार दिला.

इथेच जालन्याचं आणि गडचिरोलीचं अंतर आहे. मेंढ्याच्या गोंडाला विचारावं लागतं. कायदाच तसा आहे. जालना जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही, म्हणून १९९६ चा पेसा कायदा इथे लागत नाही. जंगल नावालाच, त्यामुळे वनहक्काचाही आधार तोकडा. पारधी तोच आदिवासी, पण गायरानावर उभा राहिला की तो नुसता अतिक्रमणदार. माझं म्हणणं असं, की विचारून घेण्याचा जो हक्क जंगलातल्या माणसाला मिळाला, तो गायरान कसणाऱ्याला मिळाल्याशिवाय सौरपट्टीची पहिली खुंटी ठोकली जाऊ नये. कुणी म्हणेल, यानं कामं रखडतील. रखडू देत थोडी. अदलाबदलीची जमीन देता येते, पट्ट्या उंच बसवून खाली पीक घेता येतं, भाड्यात कसणाऱ्याचा वाटा ठेवता येतो. पण हे सारं बोलणं जमीन जाण्याच्या आधी व्हायला हवं.

त्यासाठी मुंबईला किंवा पॅरिसला जावं लागत नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी गावोगाव ग्रामसभा भरते. जमीन देण्याचा ठराव तिथे येतो तेव्हा बहुधा गायरानावरची माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेली असतात, किंवा त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. तेव्हा ठरावाची सभा ती माणसं गावात असताना घ्यावी, आदल्या दिवशी दवंडी वस्तीवर जाऊन द्यावी, आणि ठरावाला हात वर करण्याआधी तलाठ्याला १-ई चा नमुना मोठ्यानं वाचून दाखवायला सांगावं. त्यात कुणाकुणाची नावं आहेत, ती सगळ्या गावानं ऐकावीत.